युद्धकलांचे स्वयंशिक्षण

युद्धकलांचे स्वयंशिक्षण म्हणजे गुरू, वस्ताद किंवा प्रशिक्षक यांच्या नियमित देखरेखीशिवाय, ग्रंथ, चित्रे, चित्रफिती, निरीक्षण आणि स्वतःचा सराव यांच्या आधारे कुस्ती, ज्युदो, कराटे, लाठी, तलवारबाजी यांसारख्या कला आत्मसात करणे होय. औपचारिक प्रशिक्षणात याउलट ठरावीक क्रमाने शिक्षण, चुकांची तत्काळ दुरुस्ती आणि जोडीदाराबरोबरचा सराव या गोष्टी अंतर्भूत असतात. या दोन मार्गांची तुलना करताना गुरू आहे की नाही एवढाच निकष पुरेसा ठरत नाही. प्रतिकार करणारा जोडीदार मिळतो की नाही, हा निकषही तितकाच महत्त्वाचा आहे.

कौशल्यांचे स्वरूप

क्रीडाशास्त्रात शारीरिक कौशल्यांची ‘बंद’ आणि ‘खुली’ अशी विभागणी केली जाते. बंद कौशल्यात भोवतालची परिस्थिती स्थिर असते व हालचाल केव्हा करायची हे करणारा स्वतः ठरवतो. खुल्या कौशल्यात समोरच्याच्या बदलत्या हालचालींनुसार क्षणोक्षणी निर्णय घ्यावा लागतो. युद्धकलांमध्ये दोन्ही प्रकारची कौशल्ये लागतात. जोर, बैठका, पवित्रे, लाठी फिरवणे किंवा कराटेतील ‘काता’ हा ठरीव हालचालींचा क्रम यांचा सराव एकट्याने करता येतो. अंतराचा अंदाज, योग्य क्षण साधणे, प्रतिस्पर्ध्याचा तोल हेरणे आणि डावाची तोड काढणे या गोष्टी मात्र जोडीदाराशिवाय येत नाहीत.

बंद कौशल्यांतही एक अडचण असते. हालचाल करणाऱ्यास स्वतःचे शरीर बाहेरून दिसत नाही. त्यामुळे खांद्याची, गुडघ्याची किंवा पावलाची चुकीची ठेवण अनेक आवर्तनांनंतर सवय बनते आणि ती मोडणे नव्याने शिकण्यापेक्षा कठीण जाते. आरसा व चित्रण यांमुळे ही उणीव अंशतः भरून निघते.

साहित्यातील व इतिहासातील उदाहरणे

महाभारताच्या आदिपर्वातील एकलव्याची कथा हे स्वयंशिक्षणाचे भारतातील सर्वपरिचित उदाहरण आहे. द्रोणाचार्यांनी शिष्यत्व नाकारल्यावर त्याने त्यांची मातीची प्रतिमा उभारून धनुर्विद्येचा अभ्यास केला आणि पुढे गुरुदक्षिणा म्हणून उजव्या हाताचा अंगठा दिला. लक्ष्यवेध हे मुख्यतः बंद कौशल्य आहे. बाण कोठे लागला हे धनुर्धराला लगेच दिसते, त्यामुळे चूक दाखवण्याचे काही काम लक्ष्यच करते. त्याचबरोबर ही कथा शिक्षणाचे दार जन्मावरून बंद केले जाण्याचीही आहे.

जपानी तलवारबाज मियामोतो मुसाशी (मृत्यू १६४५) याने ‘गोरिन नो शो’ या ग्रंथात आपल्याला कोणीही गुरू नव्हता असे म्हटले आहे. तथापि त्याच ग्रंथानुसार त्याने तेराव्या वर्षापासून साठांहून अधिक सामने दिले. म्हणजेच गुरू नसला तरी प्रतिस्पर्ध्यांची वाण नव्हती.

ज्युदोचे प्रवर्तक कानो जिगोरो (१८६०–१९३८) यांनी जुजुत्सूचे रीतसर शिक्षण घेतले होते. एका धिप्पाड सहाध्यायावर मात करता येईना, तेव्हा त्यांनी पाश्चात्त्य कुस्तीवरील पुस्तकाचा आधार घेतला. त्यातून सिद्ध झालेला, प्रतिस्पर्ध्याला खांद्यांवर उचलून फेकण्याचा डाव ‘काता-गुरुमा’ या नावाने ज्युदोत रूढ झाला. येथे पुस्तक उपयोगी पडले, कारण वाचणाऱ्याचा पाया तयार होता आणि डाव करून पाहण्यास जोडीदार उपलब्ध होता. १८८२ साली स्थापन केलेल्या कोदोकान या संस्थेत त्यांनी ‘काता’ इतकेच ‘रांदोरी’ म्हणजे मुक्त लढतीच्या सरावालाही स्थान दिले.

रूढ पद्धतींच्या चौकटीला विरोध करणाऱ्या ब्रूस ली यानेही आरंभीचे शिक्षण हाँगकाँगमध्ये इप मॅन यांच्याकडे घेतले होते.

ग्रंथांवरून पुनर्रचना

युरोपातील मध्ययुगीन तलवारबाजीची गुरुशिष्यपरंपरा खंडित झाली आहे. आजचे अभ्यासक चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचे ‘आय ३३’ हे हस्तलिखित, पंधराव्या शतकाच्या आरंभीचा फिओरे देई लिबेरी याचा ग्रंथ अशा साधनांवरून ती कला पुन्हा उभी करतात. शिकवणारा कोणीच नसल्याने मजकुराचा अर्थ गटाने लावला जातो आणि तो बोथट शस्त्रे व मुखकवच वापरून प्रत्यक्ष लढतीत पारखला जातो.

महाराष्ट्रातील परंपरा

महाराष्ट्रातील तालमींमध्ये एकट्याचा व्यायाम आणि लाल मातीतील लढत यांची सांगड दिसते. नवखा मल्ल वस्तादांच्या नजरेखाली मेहनत करतो आणि जाणत्या मल्लांशी लढून डाव शिकतो. एकट्याने करावयाचा मल्लखांब हा कुस्तीला पूरक व्यायाम असून दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी त्याचे पुनरुज्जीवन केले.

परिस्थिती बदलली की अनुभवी मल्लालाही नवे मार्गदर्शन लागते. मातीत तयार झालेले खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गादीवरील कुस्तीत सहावे आले. गादी व आंतरराष्ट्रीय नियम या दोन्हींची सवय करून त्यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळवले.

औपचारिक प्रशिक्षणाच्या मर्यादा

शाळेत नाव घातल्याने कौशल्य आपोआप येत नाही. केवळ संमतीने होणारे, आधी ठरलेले हल्ले शिकवले गेल्यास विद्यार्थ्यात खोटा आत्मविश्वास निर्माण होतो. पट्ट्याचा रंग संस्थेसंस्थेत वेगवेगळा अर्थ दर्शवतो. शुल्क व अंतर हेही अडसर ठरतात. शिवाय आखाडा दीर्घकाळ पुरुषांपुरता राहिला. महाराष्ट्र केसरी स्पर्धा १९६१ साली सुरू झाली, तर महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा २०२३ साली सांगली येथे झाली. ज्यांना प्रवेशच मिळत नाही, त्यांच्यासाठी स्वयंशिक्षण हा अनेकदा एकमेव मार्ग असतो.

सुरक्षितता

पडण्याचे तंत्र न शिकता केलेली फेक, गळा आवळण्याचे डाव, सांधे पिरगाळण्याचे डाव आणि डोक्यावरील प्रहार यांचा देखरेखीविना सराव धोकादायक असतो. प्रशिक्षित जोडीदार हाताने थाप मारून शरणागतीची खूण करतो आणि समोरचा तत्क्षणी पकड सोडतो. ही शिस्त एकट्याने अंगवळणी पडत नाही. एकट्याने मिळवलेले, कधीही न पारखलेले कौशल्य खऱ्या हल्ल्याच्या वेळी दगा देण्याचा संभव असतो.

हे सुद्धा पहा

कुस्ती
मल्लखांब
मर्दानी खेळ
ज्युदो
कलरीपयट्टू