पुतळ्याला भूक लागत नाही

जोतिबाच्या डोंगरावर गुलाल-खोबरं उधळायचं, पन्हाळा बघायचा, अंबाबाईला जायचं आणि परतताना कणेरी मठावरचं सिद्धगिरी ग्रामजीवन म्युझियम करायचं, अशी कोल्हापूरची सहल आता ठरून गेली आहे. आम्हीही वस्तीतल्या मुलांना घेऊन कणेरीला गेलो.

तिथले सिमेंटचे पुतळे देखणे आहेत, हे आधीच मान्य करतो. कुंभार, लोहार, सुतार, बारा बलुतेदार, अठरा अलुतेदार, सगळं जुनं स्वयंपूर्ण गाव उभं केलेलं आहे. लोक हळवे होतात, "गेले ते दिवस" म्हणत फोटो काढतात. आमच्यातल्या एका मुलानं मात्र विचारलं, "यात आपण कुठं असतो?"

उत्तर इतिहासात आहे. आपण गावकुसाबाहेर होतो. वेसकरी, सांगावा पोचवणं, मेलेली जनावरं ओढणं, रात्री-अपरात्री सरकारी कामाला धावणं, हे सगळं महार वतनात येई. मोबदला म्हणजे तुकडाभर जमीन आणि खळ्यावरचं बलुतं. ते किती द्यायचं हे देणारा ठरवी. म्हणजे ज्याला स्वयंपूर्णता म्हणतात, ती आपल्या वेठीवर उभी होती. पुतळ्यातून धंदा दाखवता येतो, त्यामागची सक्ती दाखवता येत नाही. पुतळ्याला भूक लागत नाही आणि तो काम नाकारतही नाही.

ही सक्ती मोडायला सुरुवात याच कोल्हापुरात झाली. शाहू महाराजांनी 1918 साली महार वतनं रद्द केली. गंगाराम कांबळे यांना चहाचं हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथं जाऊन चहा घेतला. वतनातून सुटलेला माणूस गल्ल्यावर बसला, याचा अर्थ काय ते आपल्याला सांगायला नको. मार्च 1920 मध्ये माणगावच्या परिषदेत याच महाराजांनी तरुण भीमरावांकडे बोट दाखवून, हा तुमचा पुढारी, असं सांगितलं. पुढं 1928 मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतनासंबंधी विधेयक मांडलं. कनिष्ठ गावकामगारांची वतनं कायद्यानं संपायला मात्र 1958 साल उजाडावं लागलं.

आदर्श गावाचं हे चित्र जुनंच आहे. मेटकाफ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं 1830 साली हिंदी खेड्यांना छोटी प्रजासत्ताकं म्हटलं. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी या कौतुकाचा समाचार घेतला. खेडं हे अज्ञान, संकुचितपणा आणि जातीयतेचं आगर आहे, असं त्यांनी बजावलं आणि संविधानाच्या मसुद्यात गावाऐवजी व्यक्तीला एकक मानल्याबद्दल समाधान व्यक्त केलं. आपलं नागरिकत्व त्या एका निर्णयावर उभं आहे.

कुणी म्हणेल, कारागिरी जपण्यात काय वाईट? काहीच नाही. ती बहुजनांच्याच हातांची आहे, जपलीच पाहिजे. पण कारागिरी जपताना तिला जन्माशी बांधणारी व्यवस्थाही गोड करून दाखवली, तर मुलं ती गोडीच इतिहास म्हणून घरी नेतील.

म्हणून कणेरीला जरूर जा. मात्र मुलांना तिथं तीन प्रश्न विचारायला सांगा: या आडावर पाणी कोण भरू शकत होतं? हे काम नको म्हटलं तर काय होत होतं? आणि कुंभाराच्या पोराला शिक्षक व्हायचं असतं तर? मग त्याच सहलीत त्यांना माणगावही दाखवा.

जय भीम!