चहा नको, पीठ द्या

पुण्यासारख्या गावात राहून लोकरीचे स्वेटर विणणं हा छंद आहे की आडमुठेपणा, यावर आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही. थंडी म्हणावी अशी थंडी इथे डिसेंबर-जानेवारीत पडते, तीही सकाळी साडेआठपर्यंत. उरलेले दहा महिने मी विणत असते आणि आमचे हे पंख्याचं बटण फिरवत असतात. त्यातून मला साधं एकरंगी विणकाम मानवत नाही. मला रंग लागतात. एकाच ओळीत दोन रंग, छातीवर फुल्या, चौकटी, चांदण्या. सासूबाई याला ‘भानगडीचं विणकाम’ म्हणतात, आणि शब्द अगदी चपखल आहे.

भानगड अशी, की दोन्ही धागे एकदम हातात घ्यायचे. ज्याची पाळी असेल त्याचा टाका घालायचा, दुसरा तोवर मागून गुपचूप न्यायचा. मागचा धागा ताणला गेला की स्वेटर आवळतो, सैल सुटला की आत फास लोंबतात आणि घालणाऱ्याची बोटं बरोबर त्यातच अडकतात. म्हणून जाणत्या बायका असा स्वेटर हातात आला की आधी उलटा करून बघतात. वरची नक्षी काय, सगळेच दाखवतात. मुलगा बघायला जाताना आपण मुलापेक्षा शेजाऱ्यांकडे जास्त चौकशी करतो, त्यातलाच प्रकार.

हे काम माझ्याबरोबर गावभर फिरतं. पासबुक भरायच्या रांगेत, दातांच्या डॉक्टरांकडे, सारसबागेतल्या बाकावर, आणि जागा मिळालीच तर बसमध्येसुद्धा माझ्या सुया चालू असतात. आणि जिथे जाईन तिथे एक वाक्य माझ्या आधी पोचलेलं असतं. “वेळ बरा मिळतो हो तुम्हाला!” बोलणाऱ्या बाई स्वतः अर्धा तास माझे टाके बघत बसलेल्या असतात, ते सोडा.

हे वाक्य फारच ऐकायला लागल्यावर मी या विणकामाच्या घराण्याची चौकशी करायचं ठरवलं. तेव्हा कळलं, की यातल्या सर्वांत नावाजलेल्या प्रकाराला ‘फेअर आइल’ म्हणतात, आणि ते एका बेटाचं नाव आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी आणि शेटलंड यांच्या मधोमध समुद्रात पडलेलं हे बेट जेमतेम पाच किलोमीटर लांब. म्हणजे स्वारगेटहून निघून शिवाजीनगरच्या जरा पुढे गेलात तर पाय पाण्यात. तिथला स्वेटर कितीही रंगीबेरंगी दिसला तरी त्यातही एका ओळीत रंग दोनच, आणि दुसरा धागा मागून. म्हणजे आमच्याकडची भानगड खानदानी निघाली.

आता ही नक्षी तिथल्या बायकांना सुचली कशी? यावर एक दंतकथा आहे. १५८८ साली स्पेनच्या आरमारातलं ‘एल ग्रान ग्रिफॉन’ नावाचं जहाज या बेटावर येऊन फुटलं. हे खरंच घडलं. पण पुढे गोष्ट अशी जोडली गेली, की वाचलेल्या खलाशांनी बेटावरच्या बायकांना ही नक्षी शिकवली. याला पुरावा नाही. दोन रंगांच्या नक्षीचे तिथले जे जुने नमुने राहिलेत, ते एकोणिसाव्या शतकातले. आणि तुम्हीच विचार करा, जहाज फुटलंय, अंगावर ओले कपडे आहेत, पोटात अन्न नाही, अशा वेळी तो खलाशी किनाऱ्यावर बसून “हं वहिनी, आता दोन निळे, एक पांढरा” असं सांगेल का? तो आधी भाकरी मागेल. पण ही गोष्ट का टिकली, ते मला नीट समजतं. बाईने काही सुरेख केलं, की ते तिला कुणी शिकवलं याचा शोध आधी सुरू होतो. आमच्याकडे पुरणपोळी जमली तर लोक सासूबाईंकडे बघतात.

खरी हकिकत खलाशांहून साधी आहे. शेटलंडमधले पुरुष मासेमारीला समुद्रावर जात, आणि शेती, गुरं, जळण असं सगळं बायकांच्या अंगावर पडे. जळण म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेली माती. ती पाठीवरच्या टोपलीत भरून मैलोन्मैल वाहून आणायची. आणि हात मोकळे आहेत ना, मग चालता चालता विणायचं! कमरेला चामड्याचा पट्टा, त्यावर घोड्याच्या केसांनी भरलेली आणि भोकं पाडलेली लहानशी गादी. सुईचं एक टोक त्या भोकात रोवलं की सुई हलत नाही आणि पायांना थांबावं लागत नाही. पाठीवर ओझं, खाली चिखल, वर वारा आणि पुढे विणकाम. जुन्या छायाचित्रांतून त्या बायका तशाच चालताना दिसतात. वेळ बरा मिळत होता, असं त्यांच्याकडे बघून कुणी म्हणणार नाही. वेळ मिळत नव्हता म्हणूनच त्या चालताना विणत होत्या.

आणि मोबदला? इथे मात्र स्वेटर उलटा करून बघावा लागतो. विणलेला माल दुकानदाराकडे न्यायचा. तो रोख पैसे देत नसे, दुकानातल्या वस्तू देत असे. कापड घ्या, चहा घ्या. घरी पोरांना हवं असायचं पीठ आणि हातात पडायचा चहा! मग ती बाई चहाची पुडी घेऊन दारोदार फिरायची, पुडी देऊन कुणाकडून पीठ मिळतंय का बघायला. या प्रकाराची सरकारने चौकशी केली, त्याचा अहवाल १८७२ साली निघाला, आणि त्यात या बायकांच्या जबान्या आहेत. १८८७ साली कायदाही झाला. पण कायदा झाला म्हणून दुकानदार लगेच सुधारतो असं काही नाही. ते शेटलंडमध्येही नाही.

पुढे या नक्षीचं भाग्य उजळलं ते एका राजपुत्रामुळे, आणि गंमत म्हणजे तो राजपुत्र आपल्या पुण्याला येऊन गेलेला. शिवाजीनगरला शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात छत्रपतींचा अश्वारूढ पुतळा आहे. पुतळा उभा राहिला १९२८ साली, पण स्मारकाची पायाभरणी झाली १९ नोव्हेंबर १९२१ रोजी, प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते. हाच पुढचा आठवा एडवर्ड, ज्याने १९३६ साली गादी सोडली. दोनच दिवस आधी, १७ तारखेला, तो मुंबईत उतरला होता. त्याच दिवशी परळला गांधीजींनी विलायती कपड्यांची होळी पेटवली, आणि मग शहरात दंगल उसळून माणसंही मेली. म्हणजे ज्याच्या स्वागताला इथे कपडे जळले, त्याच पाहुण्याने पुढच्या वर्षी, १९२२ साली, सेंट अँड्रूजला फेअर आइलचा स्वेटर घालून गोल्फ खेळला आणि विलायतेत एकच हवा झाली. जो तो म्हणू लागला, मलाही तस्साच पाहिजे! त्याच वेषातलं त्याचं एक चित्र लँडर नावाच्या चित्रकाराने १९२५ साली काढलं. चित्रात राजपुत्र आहे, स्वेटर आहे, राजपुत्राच्या हातात कुत्रासुद्धा आहे. विणणारी बाई तेवढी नाही.

विणणारीची किंवा कातणारीची आठवण ठेवणारा माणूस इकडे वर्ध्याला बसला होता. खादी स्वस्त करा म्हणून ओरड चालली असताना १९३५ साली गांधीजींनी उलटाच आग्रह धरला, की कातणाऱ्या बाईला आठ तासांच्या कामाचे आठ आणे मिळालेच पाहिजेत. खादी महागली तरी चालेल. व्यवहारी मंडळींनी कपाळाला हात लावला असणार. मी मात्र त्या रात्री कागद-पेन्सिल घेऊन हिशेबाला बसले. मोठ्या माणसाच्या बिनबाह्यांच्या रंगीत स्वेटरला मला बहात्तर तास लागतात. म्हणजे आठ तासांचे नऊ दिवस. म्हणजे साडेचार रुपये, १९३५ चे. आजच्या भावाने काय होतील ते मी यांना काढायला सांगितलं. यांनी काढले, चष्मा पुसला आणि पुन्हा काढले. त्या दिवसापासून पंख्याच्या बटणाकडे जाताना ते माझ्याकडे जरा आदराने बघतात.

म्हणून मी एक नियम करून टाकलाय. बाळंतविड्यातलं टोपडं आणि मोजे मी आनंदाने आणि फुकट विणते. तिथे हिशेब काढायचा नाही. पण विकतचा स्वेटर म्हणजे विकतचा. मधलं काही नाही.

परवाच आमच्या सोसायटीतल्या एक बाई संध्याकाळी मला बाकावर गाठून म्हणाल्या, “अहो, आमच्या जावईबापूंना एक असाच विणून द्या ना. तिकडे बर्फ पडतो हो फार. लोकर मी आणून देते. तुम्हाला काय, छंदच आहे! आणि एकदा निवांत चहाला या.”

आख्खा १८७२ सालचा अहवाल माझ्या डोळ्यांपुढून गेला.

मी ओळ पुरी केली, सुया खाली ठेवल्या आणि म्हटलं, “चहा नको. पीठ द्याल का? ज्वारीचं चालेल.”