ऐंशी रुपये आणि आईचे पापड

बरेच दिवसांनी लिहितो आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी संगणकासमोर बसायला बंदी केली होती, ती परवा उठली.

आजच्या लेखाचं निमित्त आमची धाकटी सून. तिची नोकरी गेल्या दिवाळीनंतर सुटली. महिनाभर घरात कुणी तो विषय काढला नाही. मग तिने स्वतःच थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट करून विकायला सुरुवात केली. हाताला चव आहे, त्यामुळे मालाची काळजी नव्हती. प्रश्न होता लोकांना कळणार कसं याचा. कुणीतरी तिला जाहिरातीचं ‘पॅकेज’ सांगितलं होतं, त्याचा आकडा तिच्या चार महिन्यांच्या विक्रीइतका होता. रात्री जेवताना तिने विचारलं, “बाबा, तुम्ही इतिहास शिकवलात ना? मग सांगा, पूर्वी बिनपैशाची जाहिरात कशी करायचे?”

प्रश्न थट्टेतला होता, पण मास्तरला प्रश्न विचारला की तो उत्तर दिल्याशिवाय झोपत नाही. मी तिला लिज्जत पापडाची गोष्ट सांगितली. तुमच्यापैकी अनेकांना ती वरवर ठाऊक असेल. मला आज त्यातला जाहिरातीचा भाग तेवढा सांगायचा आहे.

१५ मार्च १९५९. मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. शिक्षण बेताचं, घरची कामं उरकून दुपारचा जो वेळ उरेल तो हाताशी. जसवंतीबेन जमनादास पोपट या त्यांपैकी एक. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा वर्तमानपत्रांत त्यांचा फोटो आला होता. भांडवल होतं ऐंशी रुपये, तेही समाजकार्यकर्ते छगनलाल करमशी पारेख यांच्याकडून उसने घेतलेले. त्यांना सगळे छगनबाप्पा म्हणत. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली, ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला विकली. बस्स. फलक नाही, पत्रक नाही, उद्घाटन नाही.

पण त्या बायकांनी सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवून टाकली. तोटा झाला तरी चालेल, पण कुणाकडून देणगी किंवा मदत घ्यायची नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ‘गरीब बायका आहेत, घ्या हो त्यांचे पापड’ अशी जाहिरात त्यांना सहज करता आली असती, आणि दयेपोटी पहिलं पाकीट खपलंही असतं. पण दयेने घेतलेल्या पापडाला दुसरं गिऱ्हाईक नसतं.

दुसरी गोष्ट त्यांना छगनबाप्पांनी शिकवली. सुरुवातीला त्या दोन प्रतीचे पापड करत, एक चांगला आणि एक जरा हलका, स्वस्तात विकायला. बाप्पांनी सांगितलं, एकच प्रत ठेवा, ती उत्तम ठेवा आणि हिशेब चोख लिहा. हलका माल ज्याच्या घरी जातो, त्याला तुमच्याकडे चांगलाही मिळतो हे कुठे माहीत असतं? तो ‘यांचे पापड असे’ म्हणूनच चार लोकांत सांगणार. मोडके पापड मात्र त्या शेजारीपाजारी वाटून टाकत. आता त्याला ‘सॅम्पल’ म्हणतात, तेव्हा शेजारधर्म म्हणत. काम तेच!

पहिल्या वर्षी पावसाने घोळ केला. पापड वाळवायला ऊन नाही, म्हणून चार महिने काम बंद. वर्षाची विक्री झाली ६,१९६ रुपये. पावसाळा वगळला तर दिवसाला साधारण पंचवीस रुपये आणि करणाऱ्या सात जणी. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी विकत घेतली. खाटेवर पापड, खाली शेगडी, बाहेर पाऊस! जाहिरातीच्या लेखात खाट कशाला, असं वाटेल. पण आठ महिने मिळणारा आणि चार महिने गायब होणारा माल लोक विसरतात. बारा महिने मिळणं हीसुद्धा जाहिरातच.

बाकी प्रसार झाला तो तोंडोतोंडी, आणि देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांत आलेल्या लेखांतून. तिसऱ्या वर्षाअखेर बायकांची संख्या तीनशेच्या वर गेली. बसायला जागा पुरेना, म्हणून मळलेलं पीठ घरी न्यायचं आणि लाटलेले पापड आणून द्यायचे अशी पद्धत सुरू झाली. ती आजतागायत आहे. मला यात एक गंमत दिसते. तीनशे घरांत पापड लाटले जाऊ लागले म्हणजे तीनशे घरांच्या शेजाऱ्यांना ते कळलं. मालच घरोघरी तयार होतो म्हटल्यावर दारोदार सांगत फिरायला वेगळा माणूस कशाला?

मग १९६२ साल. तोवर पापडाला नाव नव्हतं. नावासाठी स्पर्धा ठेवली, बक्षीस रोख पाच रुपये. ‘लिज्जत’ हे नाव निवडलं गेलं. आपण लज्जत म्हणतो तेच ते. १९६२-६३ची विक्री १ लाख ८२ हजारांवर गेली. नावामुळेच गेली असं मी म्हणणार नाही, त्यामागे तीन वर्षांची मेहनत होती. पण गिऱ्हाइकाला दुकानात जाऊन मागायला आता एक शब्द मिळाला होता. १९६६ साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाची मान्यताही मिळाली. दूरदर्शनवर रामदास पाध्यांचा तो दातवाला ससा हसायला लागला तेव्हा पापडाने वयाची विशी गाठली होती. आपण मात्र सशामुळे लिज्जत मोठं झालं असं समजतो. खरं तर लिज्जत मोठं झालं होतं म्हणून ससा परवडला.

सुनेला मी इथवर सांगितलं आणि थांबलो. पुढचं तिला सांगितलं नाही. इथे लिहितो.

१९६३ साली मिरजेत माझ्या वडिलांना पक्षाघात झाला. मी बारा वर्षांचा. आईने उडदाचे पापड करायला घेतले. पीठ तेलाचा हात लावून कुटायचं, दोऱ्याने लाट्या कापायच्या, आणि पंचवीस पापडांची चळत वर्तमानपत्रात बांधून मी शाळेच्या आधी घरोघरी पोचवायची. मला त्याची भयंकर लाज वाटे. वर्गातल्या मुलाने दार उघडलं तर काय, या भीतीने पोटात गोळा यायचा. एकदा आमच्या वर्गाच्या बाईंच्या घरी गेलो. त्यांनी विचारलं, “कुणी केले रे?” मी म्हणालो, “शेजारच्या काकूंनी. मी नुसता पोचवतो.”

बाईंना पापड फार आवडले. आठ दिवसांनी त्या घरच्या मुंजीसाठी चारशे पापड सांगायला आल्या, आणि थेट शेजारच्या काकूंकडे गेल्या! काकू भल्या, त्यांनी बाईंना आमच्याकडे आणलं. मी आतल्या खोलीत दाराआड उभा होतो. आईने ऑर्डर घेतली, बाईंना चहा दिला. त्या गेल्यावर मला हाक मारली. मला वाटलं, आता मार बसणार. ती एवढंच म्हणाली, “माल माझा आणि नाव दुसऱ्याचं सांगितलंस, तर गिऱ्हाईक कुणाच्या दारात जाईल?” पुन्हा लाट्या कापायला बसली. लाजेबद्दल एक शब्द बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिलं.

वडील बरे झाल्यावर धंदा बंद झाला. त्या पापडांना नाव कधीच मिळालं नाही. शाळेत मी पस्तीस वर्षं मुलांना ‘श्रमाची प्रतिष्ठा’ या विषयावर निबंध लिहायला दिले, पण ही गोष्ट एकदाही सांगितली नाही.

म्हणून मला वाटतं, कमी पैशातल्या जाहिरातीचा खरा खर्च रुपयांत नसतोच. “हे आम्ही केलंय” असं उघड सांगावं लागतं. चुकलं तर “आमचं चुकलं” म्हणून माल परत घ्यावा लागतो. गिरगावातल्या त्या सात जणींनी हा खर्च केला. माझ्या आईने केला. मी मात्र चुकवला.

असो. सुनेने पॅकेज घेतलं नाही. पाकिटावर साधी चिठ्ठी लावली, तिचं नाव, फोन नंबर आणि दळल्याची तारीख. रविवारी संध्याकाळी मी पाव पाव किलोची सहा पाकिटं पिशवीत घालून आमच्या कट्ट्यावर गेलो. पेन्शनर मंडळी जमली होती. एकाने विचारलं, “काय हो मास्तर, पिशवीत काय?”

मी चांगला वर्गातल्या आवाजात सांगितलं, “भाजणी आहे. आमच्या सुनेने केली आहे. विकायला आणलीय.”

चार पाकिटं गेली. पहिल्या दिवशी चारच. पुष्कळ झाली.