दवाखान्यातून गायब होणारी पुस्तकं

बोस्टन सिटी हॉस्पिटलच्या बालरोग विभागात ऐंशीच्या दशकात एक किरकोळ चोरी चालायची. नंबर लागेपर्यंत पोरं रमावीत म्हणून बाहेर ठेवलेली चित्रांची पुस्तकं कमी कमी होत जायची. नवी आणून ठेवली की काही दिवसांनी तीही नाहीशी. सार्वजनिक दवाखान्यात यावर काय उपाय होतो ते आपल्याला पाठ आहे. पुस्तकाला भोक पाडून दोरी बांधायची, बँकेतल्या पेनासारखी. नाहीतर कपाटात घालायची आणि किल्ली सिस्टरकडे. तिथल्या डॉक्टर बॅरी झकरमन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र याचा वेगळा अर्थ लावला. पुस्तकं जातायत, म्हणजे कुणाच्या तरी घरी ती हवी आहेत. मग आपणच का देऊ नयेत?

१९८९ मध्ये झकरमन, त्यांचे तरुण सहकारी डॉ. रॉबर्ट नीडलमन आणि कॅथलीन फिट्झजेराल्ड राइस यांच्यासारख्या बालशिक्षिका यांनी मिळून ‘रीच आउट अँड रीड’ हा उपक्रम सुरू केला. मूल तपासणीला आलं की डॉक्टरने स्वतःच्या हाताने त्याला एक नवं पुस्तक द्यायचं, आईबापाशी त्याबद्दल दोन मिनिटं बोलायचं आणि पुस्तक घरी न्यायला सांगायचं. बस, एवढंच. आज तिथे वर्षाला ४० लाखांहून जास्त मुलांपर्यंत हे पोचतं.

मी या गोष्टीपर्यंत पोचलो ते फारच रुक्ष वाटेने. ऑफिसात आमच्या टीमकडे लसीकरणाचे रिमाइंडर पाठवणाऱ्या एका सिस्टिमचं काम आलं होतं. कुठल्या देशात बाळाला कधी दवाखान्यात नेतात याची वेळापत्रकं मी एक्सेलमध्ये भरत बसलो होतो. अमेरिकेच्या रांगेत तारखाच तारखा होत्या: २, ४, ६, ९, १२, १५, १८, २४, ३० महिने, मग ३, ४, ५ वर्षं. यातल्या कितीतरी भेटींना सुई नसतेच. मग पोराला नेतात कशाला, म्हणून शोधायला गेलो आणि त्या तारखांना लटकलेलं हे पुस्तक सापडलं. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत मोजलं तर दहा भेटी होतात, म्हणजे शाळेत जाण्याआधी घरात दहा पुस्तकं.

बोस्टन सिटी हॉस्पिटल १८६४ मध्ये उघडलं. नगरपालिकेने चालवलेल्या अमेरिकेतल्या सर्वात जुन्या दवाखान्यांपैकी ते एक. पैसे नसलेल्यांचं हॉस्पिटल. तिथे येणारी मुलं बहुतेक गरिबांची, स्थलांतरितांची, आणि पुढे शाळेत मागे पडणारी. शिक्षक म्हणायचे, आमच्याकडे येतात तेव्हाच ही पोरं मागे असतात. हे खरंच होतं. पण पाच वर्षांच्या आतलं मूल सरकारला दिसतं कुठे? शाळेच्या पटावर ते नसतं. पाळणाघर परवडत नाही. ग्रंथालयात ज्या आया येतात, त्यांच्या घरी बहुधा आधीच पुस्तकं असतात. त्या वयाचं जवळजवळ प्रत्येक मूल जिथे पुन्हा पुन्हा येतं अशी एकच जागा उरते, डॉक्टरची खोली. नवीन इमारत नको, नवीन कर्मचारी नकोत, लोकांना बोलावून आणायला नको. आम्ही प्रोग्रामर लोक ज्याला हूक म्हणतो तो इथे आयता होता. लोक येतायतच, त्या येण्याला एक गोष्ट जोडून द्यायची.

झकरमन यांची सगळी कारकीर्दच अशा जोडण्याची आहे. १९९३ मध्ये त्यांनी आपल्या विभागात चक्क वकील आणले. दम्याचं पोर औषध घेऊन ओल आलेल्या, बुरशी लागलेल्या घरातच परत जाणार असेल, तर घरमालकाला नोटीस धाडणारा माणूसही उपचाराचाच भाग आहे, असा त्यामागचा हिशोब. पुस्तक त्याच हिशोबात बसतं.

खरी कारागिरी तपासणीच्या खोलीत आहे. निरोप देताना चॉकलेट द्यावं तसं पुस्तक शेवटी द्यायचं नाही. डॉक्टर आत येतानाच ते हातात घेऊन येतात आणि थेट मुलाकडे करतात. मग बघत राहतात. सहा महिन्यांचं बाळ हात पुढे करतं का? पुस्तक तोंडात घालतं का? ते घालायलाच हवं, म्हणून तर पानं जाड पुठ्ठ्याची. वर्षाचं मूल पान उलटायची खटपट करतं का, एक बोट चित्रावर ठेवतं का? दीड वर्षाच्या मुलाला मुद्दाम उलटं धरून दिलं तर ते सुलटं करतं का? दोन वर्षांचं कुत्र्याला काय म्हणतं? म्हणजे डोळे, बोटं, भाषा, लक्ष या सगळ्याची तपासणी होऊन जाते आणि मुलाला वाटतं आपल्याला भेट मिळाली. सुईच्या भीतीने भोकाड पसरलेलं पोर त्या डॉक्टरला शत्रू समजत नाही हा वरचा फायदा. आणि त्याच वेळी डॉक्टरला आईही दिसते. ती पोराला मांडीवर ओढून घेते का, की पुस्तक फाटेल म्हणून त्याच्या हातातून काढून घेते?

या शेवटच्या बाईबद्दल मला जास्त वाटतं. पुस्तक ही जपून ठेवायची, महागाची, शाळेची वस्तू आहे असं जिला आयुष्यभर सांगितलं गेलं, तिला कुणीतरी पांढऱ्या कोटातल्या माणसाने सांगावं लागतं की चावू दे, पुस्तक त्यासाठीच आहे.

उपक्रमाच्या आधीही डॉक्टर सल्ला देत असतीलच की मुलांना वाचून दाखवा. पण ज्या घरात एकही पुस्तक नाही तिथे हा सल्ला म्हणजे ‘रोज बदाम खायला द्या’ सांगण्यासारखं आहे. आई मान हलवते, मनात थोडी लाजते आणि पुढच्या वेळी विचारलं तर ‘हो वाचतो की’ म्हणते. सल्ल्याबरोबर वस्तू दिली की सल्ला खरा होतो. तरी एक अडचण उरते. आईलाच वाचता येत नसेल तर? बोस्टनमध्ये अशा आया होत्याच, इंग्रजी न येणाऱ्या तर पुष्कळ. तिथे डॉक्टर सांगतात, अक्षरं सोडा, चित्रं दाखवा, त्यांच्यावर बोला, तुमच्या भाषेत बोला. पुढे दोन भाषांतली पुस्तकं आली. माझी आजी निरक्षर होती. कॅलेंडरवरच्या देवाच्या चित्रावरून ती अर्धा तास बोलू शकायची आणि दर वेळी गोष्ट वेगळी असायची. तिला कुणी म्हटलं असतं की हेच वाचून दाखवणं आहे, तर ती हसली असती.

याचा खरंच काही उपयोग होतो का? मला आकडे लागतात, धंदाच तसा आहे. १९९१ मध्ये नीडलमन आणि सहकाऱ्यांनी पहिला छोटा अभ्यास छापला. पुस्तक मिळालेल्या पालकांमध्ये मुलासोबत पुस्तक बघितल्याचं सांगण्याचं प्रमाण चौपट दिसलं. इथे कुणीही शंका काढेल: डॉक्टरने पुस्तक दिल्यावर ‘वाचलं नाही’ असं तोंडावर कोण सांगेल? हा आक्षेप त्यांच्या डोक्यात होता. म्हणून या अभ्यासांमध्ये प्रश्न आडून विचारतात. तुमच्या मुलाच्या तीन आवडत्या गोष्टी कोणत्या? तुम्हाला त्याच्यासोबत काय काय करायला आवडतं? पुस्तकाचं नाव विचारणाऱ्याने काढायचं नाही. ते आपणहून आलं तरच धरायचं. मला हा सगळ्या प्रकरणातला सर्वात हुशार भाग वाटतो.

नंतरचे अभ्यास जास्त कडक होते. ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सला डॉ. पामेला हाय यांच्या गटाने २०५ गरीब कुटुंबं चिठ्ठ्या टाकाव्या तशी दोन गटांत वाटली. एका गटाला पुस्तकं आणि बोलणं, दुसऱ्याला नेहमीची तपासणी. २००० साली आलेल्या निकालात, पुस्तकं मिळालेल्या दीड ते दोन वर्षांच्या मुलांना जास्त शब्द कळत होते आणि बोलताही येत होते. त्याहून लहान मुलांमध्ये फरक दिसला नाही. हेही त्यांनी तसंच छापलं, म्हणून माझा विश्वास जरा वाढला. २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलमधून डॉ. अ‍ॅलन मेंडेलसन यांच्या गटाचा अभ्यास त्याच दिशेचा आला.

याच काळात एक दुसरं संशोधन फार गाजलं आणि त्याने थोडा घोळही केला. कॅन्ससमधल्या ४२ कुटुंबांच्या घरी जाऊन हार्ट आणि रिस्ली या दोघांनी मुलांच्या कानावर पडणारे शब्द मोजले. १९९५ च्या त्यांच्या पुस्तकातून ‘गरीब घरातलं मूल चार वर्षांचं होईतो ३ कोटी शब्दांनी मागे’ हा आकडा निघाला आणि भाषणाभाषणांतून फिरला. घरं ४२, त्यातली अगदी गरीब तर मोजकीच. २०१८ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी मुलाच्या आजूबाजूला चाललेलं सगळं बोलणं मोजलं तेव्हा ती दरी तशी दिसली नाही. गरीब आईबाप पोरांशी बोलतच नाहीत, हा निष्कर्ष काढायला सुशिक्षितांना फार आवडतो. ज्याने चाळीतली किंवा वाड्यातली एक संध्याकाळ ऐकली आहे त्याने तरी तो काढू नये. बोस्टनच्या लोकांची भूमिका मला यापेक्षा सभ्य वाटते. ते आईला शब्दांचा कोटा देत नाहीत. पुस्तक देतात.

पुढचा प्रवास भराभर सांगतो. १९९२ मध्ये इंग्लंडात बर्मिंगहॅमला ‘बुकस्टार्ट’ सुरू झालं. ३०० बाळांना, आरोग्यसेविकांच्या हातून. इटलीत १९९९ मध्ये बालरोगतज्ज्ञ आणि ग्रंथपाल एकत्र आले. अमेरिकेत हिलरी क्लिंटन आणि लॉरा बुश, दोन्ही पक्षांच्या दोन पहिल्या महिलांनी या कामाला हात दिला. तरी २०११ मध्ये खर्चकपातीत केंद्र सरकारचा थेट निधी गेला आणि देणग्या, राज्यं, स्थानिक संस्था यांच्यावर गाडा ओढावा लागला. २०१४ मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने सांगितलं की वाचनाचं बोलणं हे प्राथमिक तपासणीचाच आवश्यक भाग आहे, तेही जन्मापासून. दवाखान्यातली चोरी ते अधिकृत धोरण, साधारण २५ वर्षं.

आता आपल्या एक्सेलच्या रांगेकडे येतो. भारताच्या सरकारी वेळापत्रकात लसींच्या तारखा अशा: जन्मतः, ६, १०, १४ आठवडे, ९ महिने, १६ ते २४ महिने आणि मग एकदम पाच-सहा वर्षं. मधल्या काळात दर सहा महिन्यांनी ‘अ’ जीवनसत्त्वाचं औषध. भाषा फुटते, गोष्टी कळायला लागतात ती दोन ते पाचची वर्षं दवाखान्याच्या कॅलेंडरवर जवळजवळ कोरी आहेत. बोस्टनचं मॉडेल उचलून इथे आणलं तर ते नेमकं याच ठिकाणी पडेल. पण ती कोरी जागा भरणारी एक बाई आपल्याकडे आहे.

१९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला आल्या. आदिवासी मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडीची कल्पना त्या भागात रुजली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली. सहा वर्षांच्या आतलं मूल, दर महिन्याला वजन, आई सोबत. हूक इथेही आयता आहे, कदाचित अमेरिकेपेक्षा पक्का.

माझी मावशी नाशिक जिल्ह्यात वीस वर्षांहून जास्त काळ अंगणवाडी सेविका आहे. तिला मी बोस्टनची गोष्ट फोनवर सांगितली. पुस्तक देऊन मुलाची बोटं बघायची, हे तिला पटकन समजलं. “आम्ही खडे उचलायला लावून तेच बघतो.” मग मी विचारलं, तुमच्याकडे पुस्तकं आहेत का? आहेत, कपाटात. चांगली रंगीत आहेत. मुलांना देत नाहीस? “देते रे, पण समोर बसून. घरी नाही देत. डेडस्टॉकला चढवलेली आहेत ती. फाटली, हरवली तर तपासणीला मी काय दाखवू?”

डेडस्टॉक रजिस्टर म्हणजे खुर्ची, सतरंजी, वजनकाटा, पातेली यांची वही. त्यात ‘चित्रांची पुस्तके’ अशी एक ओळ आहे आणि पुढे नग. वर्षअखेर नग जुळले पाहिजेत. या वहीत पुस्तक जितकं कोरं तितकी सेविका चोख. बोस्टनला ज्या गोष्टीला यश धरलं, ती इथे मावशीच्या नावावर तूट म्हणून लागते. मावशीचा दोष नाही. ती घाबरते ते योग्यच आहे.

पुस्तकांचा तुटवडा हे कारणही अर्धंच खरं आहे. ‘प्रथम बुक्स’च्या स्टोरीवीव्हरवर २०१५ पासून मराठी चित्रकथा मोफत आणि खुल्या परवान्याने मिळतात. हवं तर छापूनही घेता येतात. चावायला चालतील अशी जाड पुठ्ठ्याची मराठी पुस्तकं मात्र मी पुण्यात चार दुकानं हिंडलो तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच दिसली. इंग्रजीत भिंतभर.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा बारा पुस्तकं नेली. मावशीने ती कुठल्याच वहीत चढवली नाहीत. वजनाच्या दिवशी, काट्यावरून उतरलेल्या मुलाच्या हातात एक द्यायचं, आईला पिशवीत घालायला सांगायचं, पुढच्या महिन्यात बदलून न्यायचं, असं तिनेच ठरवलं. पहिल्या महिन्यात दोघी आयांनी पुस्तक घ्यायलाच नकार दिला, पैसे द्यावे लागतील म्हणून. आता घेतात. एका पुस्तकाचा कोपरा खाल्लेला आहे. चार परत आलेली नाहीत, आणि मावशी त्या चार घरी मागायला गेलेली नाही.