तुरीची मर आणि मातीतील राखण

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या सीमाभागातील काळ्या जमिनीत अनेक घरांचा वर्षाचा हिशेब तुरीवर मिटतो. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही लाभले. या पिकाचा जुना वैरी म्हणजे मर रोग. कन्नडात तो ‘नेटे रोग’. तो मोठा दगाबाज. झाड फुलोऱ्यावर येते आणि ऐन शेंगा धरण्याच्या वेळी उभे वाळते. खोड चिरले की आत काळपट रेघा दिसतात; पण तेव्हा उपायाची वेळ टळून गेलेली असते.

बिहारमधील पुसा येथे एडविन बटलर यांनी १९०६ मध्ये या रोगाची नोंद केली आणि १९१० मध्ये त्याच्या मुळाशी असलेल्या फ्युजेरियम बुरशीचे वर्णन प्रसिद्ध केले. ही बुरशी मुळांतून शिरून झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या कोंडते आणि पीक निघाल्यावरही धसकटांच्या आश्रयाने सुमारे तीन वर्षे तग धरते. एकरच्या एकर माती औषधाने भिजविणे कोणत्या कोरडवाहू शेतकऱ्याला परवडणार?

उत्तर मातीतच होते. १९३२ मध्ये अमेरिकेत रिचर्ड वाइंडलिंग यांनी दाखवून दिले की, ट्रायकोडर्मा ही जमिनीतील बुरशी रोगकारक बुरशीच्या तंतूंना विळखा घालून त्यांवर जगते. मुळांभोवतीची जागा आणि अन्नही ती आधीच बळकावते.

बिदरहून हैदराबादला जाताना लागणाऱ्या पटांचेरू येथे १९७२ मध्ये ‘इक्रिसॅट’ ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तेथे वनस्पतिरोगतज्ज्ञ यशवंत लक्ष्मण नेने व त्यांच्या सहकाऱ्यांना ज्वारीच्या सोबतीने घेतलेल्या तुरीत मर कमी आढळली. या भागातील जुने शेतकरी तुरीच्या ओळी ज्वारीतच धरीत. त्यांचा हेतू भाकरीचा आणि कडब्याचा. राखण मात्र न मागता पदरात पडली. पुढे ‘मारुती’सारखे मर सोसणारे वाण आले, निव्वळ तुरीची शेते वाढली आणि ती सोबत विरळ झाली.

२०२२ च्या हंगामात अतिवृष्टीमागोमाग मरीने या जिल्ह्यांत असा घाला घातला की, जानेवारी २०२३ मध्ये कर्नाटक सरकारला हेक्टरी १०,००० रुपयांची मदत जाहीर करावी लागली.

ट्रायकोडर्माची मात्रा मात्र अल्प. किलोभर बियाण्याला सुमारे चार ग्रॅम, किंवा ओलसर शेणखतात मिसळून काही दिवस सावलीत मुरवून जमिनीत. तरीही शेतकरी बिचकतो, आणि ते अकारण नव्हे. हे औषध जिवंत आहे. उन्हात तापलेल्या किंवा मुदत संपलेल्या पुडीत भुकटीच उरते. गुण आला तरी डोळ्यांना दिसतो तो केवळ न वाळलेला ताटवा. त्यात कार्बेंडाझिम चोळलेल्या बियाण्यालाच ती लावली, तर पहिले औषध दुसऱ्याचा जीव घेते.