दहाव्या वर्षी ही गाडी कोण उघडणार?

मंडळी, घाटातल्या आपल्या बचाव पथकासाठी वर्गणीतून फोर बाय फोर गाडी घ्यायचं ठरलं, तेव्हापासून रोज कुणाचा ना कुणाचा फोन येतोय. कुणी म्हणतं कर्ज काढू पण नवी कोरी घेऊ, कुणी म्हणतं लष्कराच्या लिलावातली जिप्सी स्वस्तात मिळतेय, ती उचला. सगळी चर्चा किंमत, हॉर्सपॉवर आणि रुबाब यावर. दहा वर्षांनी आषाढातल्या पावसात रात्री दोन वाजता ही गाडी चालू होईल का, हे विचारणारे दोन-तीनच निघाले. पैसा लोकांचा आहे. दुधाच्या पगारातून दोनशे-दोनशे रुपये काढून दिलेत लोकांनी. म्हणून जरा मागे जाऊन इतिहास सांगतो. जीप घेताना कोण शहाणं ठरलं आणि कोण फसलं, याचा.

सुरुवात १९४० सालापासून. अमेरिकेच्या लष्कराला हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी होती. त्यांनी १३५ कंपन्यांना विचारलं. मुदतीत नमुना उभा केला तो बँटम नावाच्या एका छोट्या कंपनीने. लष्कराने तो बघून नुसती पाठ थोपटली नाही. हजारो मैल खाचखळग्यांतून गाडी पिदडली आणि काय काय मोडतं ते बघितलं. पुढे विलीज आणि फोर्ड यांनीही नमुने दिले. विलीजचं इंजिन ६० हॉर्सपॉवरचं, बाकी दोघांपेक्षा चांगलंच दमदार. १९४१ मध्ये मोठी ऑर्डर विलीजला गेली.

पण खरा शहाणपणा पुढेच आहे. एक कंपनी पुरी पडणार नाही म्हणून फोर्डलाही गाड्या बनवायला सांगितल्या, मात्र विलीजच्याच डिझाइनवर. अट अशी की एकीचा भाग दुसरीला बसला पाहिजे. युद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांहून जास्त जीप तयार झाल्या. जीपही मोडायचीच हो! पण तिचा भाग जवळच्याच दुसऱ्या जीपमध्ये असायचा. दोन मेलेल्या गाड्यांतून एक जिवंत गाडी निघायची. जीपच्या टिकाऊपणाचं जे नाव झालं, त्यात याचा वाटा मोठा आहे.

आता आपल्याकडे या. १९४८ साल. काश्मीरमध्ये लढाई चालू, हैदराबादचा प्रश्न पेटलेला, लष्कराला जीप तातडीने हव्या होत्या. लंडनमधले आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी जुन्या, डागडुजी केलेल्या जीपचा सुमारे ८० लाख रुपयांचा करार केला. पैशाचा मोठा भाग आगाऊ गेला. हातात आल्या १५५ जीप, आणि त्याही वापरण्याजोग्या नाहीत म्हणून ओरड झाली. संसदेत वर्षानुवर्षं गदारोळ चालला. शेवटी ३० सप्टेंबर १९५५ रोजी गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी प्रकरण बंद झाल्याचं जाहीर केलं. फेब्रुवारी १९५६ मध्ये मेनन केंद्रात मंत्री झाले, पुढच्या वर्षी संरक्षणमंत्री.

कोण दोषी, कोण निर्दोष, यावर आजही भांडणं होतात. ती मला इथे लावायची नाहीत. मी फक्त गिऱ्हाईक म्हणून बघतोय. घाई होती, गाडी जुनी होती, विकणारा लांब होता, आणि गाडी नीट तपासण्याआधी पैसे हातातून गेले. यातली एक गोष्ट असली तरी माणूस फसतो. इथे चारही होत्या.

गंमत बघा, त्याच काळात मुंबईत वेगळंच काही चाललं होतं. १९४५ मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी निघालेली महिंद्रा अँड महंमद ही कंपनी १९४७ पासून विलीज जीपची जुळणी करू लागली. फाळणीनंतर भागीदार मलिक गुलाम महंमद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. आधी बाहेरून आलेले भाग जोडायचे, मग हळूहळू भाग इथेच बनू लागले. पुढे डिझेल इंजिनं आली, गाडी लांब झाली आणि आपल्याकडे तिचं वडाप झालं. दहा जणांच्या गाडीत अठरा जण कोंबून या गाड्यांनी घाट चढलेत. पाटा तुटला तर लोहार जोडून द्यायचा, क्लच प्लेट तालुक्याच्या बाजारात मिळायची. आरामाच्या नावाने शून्य, पण धंदा बंद पडत नव्हता. वडापवाल्याला गाडी दोन दिवस उभी राहिली की हप्ता दिसायचा, त्यामुळे त्याची निवड डोळे झाकून मानावी अशी.

उलट उदाहरण जोंगाचं. निसानच्या परवान्यावर जबलपूरला बनलेली ही लष्करी गाडी. जवळजवळ चार लिटरचं पेट्रोल इंजिन, ताकद अशी की विचारू नका. १९९९ च्या सुमारास उत्पादन थांबलं. लिलावात हौशी लोकांनी घेतल्या, आणि मग पेट्रोलचा खर्च व भागांची शोधाशोध सुरू झाली. गाडी मजबूत होती, पण तिच्यामागची साखळी संपली होती.

जिप्सी १९८५ मध्ये आली. नव्वदच्या दशकापासून लष्कराने ३० हजारांहून जास्त घेतल्या. हलकी, साधी, आणि कुठल्याही छावणीतल्या मिस्त्रीला तोंडपाठ. पण २०१९ मध्ये सुरक्षेच्या नव्या नियमांच्या तोंडावर तिची सामान्य गिऱ्हाइकांसाठीची विक्री थांबली. म्हणजे टिकाऊपणा हा एकच निकष नाही, हेही लक्षात ठेवा. जुन्या जिप्सीत एअरबॅग नाहीत, आणि आपण आपलीच पोरं तिच्यात बसवणार आहोत. शिवाय १५ वर्षं झाली की फिटनेस आणि नोंदणीच्या नूतनीकरणाचा खर्च वेगळा.

हे सगळं सांगायचं कारण, आपल्याच तालुक्यात एका सरकारी आवारात चांगली धडधाकट फोर बाय फोर गाडी दोन वर्षं उभी आहे. इंजिन ठणठणीत, ट्रान्सफर केसचा एक भाग मिळत नाही. घेताना निविदेत सगळ्यात स्वस्त होती. आज ती सगळ्यात महाग गाडी आहे, कारण चालतच नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. ठरवण्याआधी चार गोष्टी लेखी येऊ द्या.

१) क्लच प्लेट, व्हील बेअरिंग, ट्रान्सफर केसचे भाग तालुक्यात किंवा फार तर पुण्यात किती दिवसांत आणि किती रुपयांत मिळतात? शोरूममध्ये विचारू नका, स्पेअरच्या दुकानात विचारा.

२) तीच गाडी आठ-दहा वर्षं डोंगरात वापरणारे दोन मालक शोधा. काय मोडलं, ते विचारा. "काहीच मोडलं नाही" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

३) जुनी घेत असाल तर आपला मिस्त्री सोबत न्या. लो गिअर टाकून चढावर चालवा. डिफरन्शियलचं तेल काढून बघा. दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. अनेक महिने फोर बाय फोर न टाकलेली गाडी ऐन वेळी दगा देते.

४) किंमत दहा वर्षांची मांडा. गाडी, टायर, विमा, डिझेल, दुरुस्ती, सगळं धरून. आणि दुरुस्तीसाठी दरवर्षी ठरावीक रक्कम बाजूला काढायचा ठराव गाडीआधी मंजूर करा.

यातून नवी गाडी निघो की जुनी, माझी हरकत नाही. तपासणी होऊन आपल्या मिस्त्रीने मान डोलावल्याशिवाय विसारसुद्धा द्यायचा नाही, एवढी एकच ओळ रविवारच्या बैठकीत ठरावात घाला. ८० लाखांच्या करारात ती पाळली गेली नाही. आपल्याकडे तर वर्गणीचे जेमतेम पैसे आहेत, दुसऱ्यांदा जमणार नाहीत.