गाणे ठेवायचे कुठे?

गेल्या दिवाळीत आमची नात पुण्याहून येताना एक काळी डबी घेऊन आली. आकाराने चिवड्याच्या डब्याएवढी, पुढे एक निळा दिवा लुकलुकणारा. "आजोबा, यात तुमचं सगळं गाणं मावेल. कॅसेटी, सीड्या, सगळं. मग फोनवरून कुठल्याही खोलीत लावायचं."

"आणि तुझ्या आजीचं बोलणं?" मी विचारले.

"मावेल की!" स्वयंपाकघरातून उत्तर आले. "ऐकणारा हवा."

नातीने मग मला एक नियम शिकवला. जतन करायच्या वस्तूच्या तीन प्रती हव्यात. त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर हव्यात. आणि त्यातली एक प्रत घराबाहेर हवी. हा नियम मला २०१९ च्या ऑगस्टआधी कुणी सांगितला असता, तर पुढची हकीकत सांगण्याची वेळ आली नसती. पण तिच्याकडे नंतर येतो. आधी खाँसाहेब.

कोल्हापुरात गाण्याच्या साठवणीचा विषय निघाला आणि अल्लादियाखाँसाहेबांचे नाव आले नाही, तर ऐकणारा उठून जाईल. जन्म १८५५ चा, राजस्थानातल्या उनियाऱ्याचा. पण शाहू महाराजांच्या दरबारी आले आणि १९२२ साली महाराज जाईपर्यंत इथलेच झाले. तरुणपणी अमलेटा गावी दिवसामागून दिवस गाऊन त्यांचा आवाज बसला होता. दुसरा एखादा गवई कपाळाला हात लावून बसला असता. यांनी बसलेल्या आवाजाला पेलेल अशी वळणावळणाची गायकी घडवली. आज जयपूर-अत्रौली घराणे म्हणून आपण जिला मान डोलावतो, ती हीच. (मान डोलावणाऱ्यांपैकी निम्म्यांना सम सापडत नाही. त्या निम्म्यांत मीही आहे.)

आता गंमत पाहा. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे साहेब कलकत्त्याला येऊन गौहरजानचे गाणे तबकडीवर उतरवून गेले. पलीकडे मिरजेचे अब्दुल करीमखाँ तबकड्यांमधून घराघरांत पोचले. आणि आमचे खाँसाहेब? १९४६ साली मुंबईत पैगंबरवासी झाले, तोवर तबकड्यांचे युग सुरू होऊन त्रेचाळीस वर्षे उलटली होती. पण त्यांच्या आवाजाची एकही तबकडी आज उपलब्ध नाही. गाणे यंत्रात गेले की कुणीही उचलील, अशी धास्ती होती म्हणतात. असेलही. तीन-साडेतीन मिनिटांत हा माणूस काय गाणार होता, असाही प्रश्न आहेच. तेवढ्या वेळात त्यांचा पानाचा विडा तरी जमला असता का?

पण म्हणून त्यांनी साठवण केली नाही असे नव्हे. त्यांनी ती माणसांत केली. माणूस हे साधन तसे बेभरवशाचे. सर्दी होते, रुसते, लग्न करते, आणि मुख्य म्हणजे मरते. त्यांचे चिरंजीव मंजीखाँ, गुणी गवई, १९३७ सालीच गेले. म्हणजे मूळ प्रत शाबूत आणि नक्कल आधी नष्ट! तेव्हा मंजीखाँकडे शिकत असलेले धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर अर्ध्या वाटेवर राहिले. ते धाकटे चिरंजीव भूर्जीखाँ यांच्याकडे आले आणि राहिलेली तालीम पुरी झाली. नातीला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "एक डिस्क गेली, पण दुसरीवरून रिस्टोअर केलं." मन्सूरांसारख्या थोर गवयाबद्दल असे बोललेले मला आवडले नाही. पण चूकही काढता येईना.

घराबाहेरच्या प्रतीच्या बाबतीत तर खाँसाहेबांनी सगळ्यांवर ताण केली. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर. स्वभावाने कडक, ध्वनिमुद्रणाबद्दल गुरूंइतक्याच काटेकोर; पण त्यांच्या मोजक्या तबकड्या तरी निघाल्या. त्यातली साडेतीन मिनिटांची एक भैरवी १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत घातली आणि अवकाशात सोडली. एक नाही, दोन यानांवर, दोन प्रती! शिवाय ऐकणाऱ्याची अडचण होऊ नये म्हणून सोबत सुईसुद्धा दिली. २०१२ साली पहिले व्हॉयेजर सूर्याच्या प्रभावाचा प्रदेश ओलांडून पलीकडे गेले. तिथून निघालेला संदेश पृथ्वीवर पोचायला आता जवळजवळ दिवस लागतो. खाँसाहेबांनी दिलेली तालीम पंचगंगेच्या पूररेषेपासून इतकी सुरक्षित अंतरावर आहे.

माझ्या कॅसेटी नव्हत्या.

१९८४ साली मी आईला टेपरेकॉर्डरसमोर बसवले होते. जात्यावरच्या ओव्या, पाळणे, गौरीची गाणी. "मेलं यंत्र माझ्याकडं बघतंय," म्हणत ती तासभर गायली. मागे वडिलांचा खोकला, आणि मधेच दारावर आलेल्या भाजीवालीशी वांग्याच्या भावावरून झालेली चकमक. त्या कॅसेटची मी तत्परतेने दुसरी प्रत करवून घेतली. आणि दोन्ही प्रती तितक्याच तत्परतेने एकाच ट्रंकेत, एकाच पलंगाखाली ठेवल्या.

२०१९ साली पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, तरी आम्ही निवांत होतो. पाणी नागाळा पार्कात आमच्या पायरीला लागेपर्यंत. नदी ५५ फुटांच्या वर गेली. आम्ही औषधे, दागिने, रेशनकार्ड आणि सौभाग्यवतींचे लोणचे घेऊन मेहुण्याकडे गेलो. परत येऊन ट्रंक उघडली, तेव्हा दोन्ही कॅसेटींत सारखाच चिखल होता. नक्कल अस्सल बरहुकूम.

त्या वर्षी मी कुणाशी फार बोललो नाही.

आता माझा बेळगावचा मावसभाऊ. या गृहस्थाने १९८८ साली आमच्याकडून एक कॅसेट नेली होती. "ऐकतो आणि धाडतो," म्हणाला. दोन पत्रे टाकली, तीन लग्नांत आठवण केली, शेवटी त्याच्या मुलीच्या बारशाला मुद्दाम गेलो नाही. हाच आईच्या गाण्याची एक जादा नक्कल घेऊन गेला आहे, हे मी तीस वर्षांत साफ विसरलो होतो. लक्षात राहिले होते फक्त भांडण. यंदा नातीने त्याला फोन केला आणि आठ दिवसांत कॅसेट कुरिअरने आली. सोबत चिठ्ठी: "उशीर झाल्याबद्दल क्षमस्व."

दुरुस्तीवाल्याकडून टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा बदलून आणला. पहिली बाजू लावली. लता, रफी, किशोर. पठ्ठ्याने आईवर सिनेमाची गाणी भरली होती! मी उभा राहून त्याच्या साऱ्या खानदानाचा उद्धार केला. (ते माझेही खानदान आहे, हे सौ.ने निदर्शनास आणले.) दुसरी बाजू मात्र त्याच्या तावडीतून सुटली होती. पाळणे नाहीत, ओव्या आहेत, खोकला आहे, वांगी आहेत.

ती बाजू आता त्या काळ्या डबीत आहे. एक प्रत नातीकडे पुण्याला, आणि एक, माझ्या आग्रहाखातर, बेळगावला.

परवा सकाळी मी बाहेर पेपर वाचत होतो. स्वयंपाकघरात सौ.ने फोनवरून काहीतरी लावले. आई भाजीवालीला म्हणत होती, "ही किडकी आहेत, मला नकोत." सौ. आतून म्हणाली, "बरोबर बोलल्या," आणि तिने आवाज थोडा वाढवला.